वाल्डेमार हाफकिन

मुलांनो, मुंबईत परळ भागात एक जुनी, मोठी इमारत आहे. तिथे हाफकिन संस्था आहे. हे नाव आपल्याकडचे नाही. मग ते इथे कसे आले?

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा शहरात झाला. त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. मेचनिकॉफ हे त्यांचे गुरू. रोगजंतू अंगात शिरले, की रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांना घेरून गिळतात, हे मेचनिकॉफ यांनी दाखवले होते. पण नवा शत्रू ओळखायला शरीराला वेळ लागतो. तेवढ्यात रोग बळावतो. मात्र मेलेले किंवा दुबळे जंतू आधीच टोचले, तर शरीर त्यांना ओळखायला शिकते. पुढे खरे जंतू आले, तरी त्यांच्याशी लढायला ते तयार असते. लस हे काम करते.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हाफकिन यांनी कॉलऱ्याची, म्हणजे पटकीची लस तयार केली. १८९२ साली ती त्यांनी प्रथम स्वतःला टोचली. पुढच्याच वर्षी ते कोलकात्याला आले आणि तेथील गरीब वस्त्यांत फिरून लस देऊ लागले.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसे पटापट मरू लागली. हजारो लोक शहर सोडून पळाले. सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना थोडीशी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्यावर त्यांनी रात्रंदिवस काम केले. मांसाच्या पातळ रश्शावर तुपाचे थेंब सोडून ते प्लेगचे जंतू वाढवत. मग उष्णता देऊन त्यांना मारत. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही आधी स्वतःलाच टोचली. त्यांना ताप आला, पण ते काम करीत राहिले.

लोक मात्र सुईला घाबरत. सरकारी माणसे घरात शिरून रोगी शोधत, म्हणून सरकारचे सगळेच संशयाचे वाटे. अशा वेळी तरुण आगाखान पुढे आले. आपल्या अनुयायांसमोर त्यांनी स्वतः लस टोचून घेतली. मग पुष्कळ लोकांची भीती गेली.

१९०२ साली मोठे संकट आले. पंजाबातील मुल्कोवाल गावात लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली होती. दोष हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना कामावरून दूर करण्यात आले. खरे तर बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट स्वच्छ केला नव्हता. हिवतापाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. तरीही १९०७ साल उजाडल्यावरच त्यांच्यावरचा आरोप दूर झाला. निरपराध माणसाला न्यायासाठी इतकी वर्षे थांबावे लागले!

ते पुन्हा कोलकात्यात काम करू लागले. निवृत्त झाल्यावर ते युरोपात परतले. परळची ती प्रयोगशाळा त्यांनीच उभी केली होती. १९२५ साली तिला त्यांचे नाव देण्यात आले. त्यानंतर पाच वर्षांनी स्वित्झर्लंडमधील लोझान शहरात त्यांचे निधन झाले.