दुष्काळ, राजकारण आणि डॉ. नान्सेन

ज्या सरकारची मते आपणांस अमान्य आहेत, त्याची प्रजा अन्नावाचून मरू लागली असता तिला साहाय्य करावे किंवा नाही, हा प्रश्न विचारी मनुष्यास वस्तुतः पडू नये. परंतु मोठमोठ्या राष्ट्रांस तो पडतो. नॉर्वेचे डॉ. फ्रित्यॉफ नान्सेन यांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे.

नान्सेन यांचा जन्म १८६१ सालचा. १८८८ मध्ये ग्रीनलंडचा हिमप्रदेश ओलांडून व पुढे १८९३ ते १८९६ पर्यंत उत्तर ध्रुवाकडे मोहीम नेऊन त्यांनी कीर्ती संपादिली. १९०५ साली नॉर्वे स्वीडनपासून विभक्त झाला, त्या चळवळीत ते अग्रभागी होते. तेव्हा स्वदेशाभिमानात ते कोणास हार जाणारे नव्हते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाच्या वतीने त्यांनी चार लाखांहून अधिक युद्धकैदी मायदेशी पोहोचविले.

त्यांची खरी कसोटी १९२१ साली लागली. यादवी युद्ध, सरकारची सक्तीची धान्यवसुली आणि अवर्षण यांमुळे रशियात व्होल्गाकाठी भयंकर दुष्काळ पडला. ऑगस्टमध्ये नान्सेन यांनी बोल्शेविक सरकारशी साहाय्याचा करार केला व सप्टेंबरात जिनिव्हा येथे राष्ट्रसंघाकडे द्रव्य मागितले. अर्जेंटिनात मका जळणासाठी वापरला जात आहे आणि युरोपच्या बंदरांत जहाजे रिकामी पडली आहेत, हे त्यांनी सभेच्या नजरेस आणले. परंतु अन्न दिल्याने बोल्शेविकांचे बळ वाढेल, अशी सबब पुढे करून सरकारांनी हात आखडता घेतला. ते बळ वाढेल असे मानले, तरी त्या भयाने लक्षावधी जीव मरू द्यावयाचे काय, हा नान्सेन यांचा सवाल निरुत्तरच राहिला.

बोल्शेविक मतांचे कट्टर विरोधक असलेले अमेरिकेचे हर्बर्ट हूव्हर यांनी मात्र वाटपाची व्यवस्था आपल्या माणसांच्या हाती ठेवून १९२२ च्या उन्हाळ्यात रोज सुमारे एक कोटी लोकांस जेवू घातले. संशयावर उपाय देखरेख हा होय, नकार नव्हे, हे यावरून सिद्ध झाले. नान्सेन यांनीही खासगी देणग्यांवर आपले कार्य चालविले. तरी सुमारे पन्नास लाख माणसे दगावलीच! १९२२ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ती रक्कमही त्यांनी साहाय्यकार्यास दिली. १९३० साली ते निवर्तले.

सरकारांची भांडणे सरकारांनी खुशाल भांडावीत. त्यांचा दंड उपाशी प्रजेकडून वसूल करणे हा न्याय नव्हे. उधारी वसूल करावयास पुढचा हंगाम असतो. भुकेल्या मुलास तो नसतो, हे व्यापारी वाचकांस निराळे सांगावयास नकोच.