श्रमाचा पहिला हिशेब

पॅरिसच्या आर्सेनालमधील प्रयोगशाळेत १७९०च्या सुमारास एक तरुण तोंडावर मुखवटा चढवून बसत असे. नळीवाटे येणारा प्राणवायू तेवढा तो श्वासात घेई आणि पायाने दांडी दाबून वजन वर उचलीत राही. तरुणाचे नाव आर्मां सेगाँ. प्रयोग मांडणारे होते आंत्वान लाव्हाझिए. श्रम करताना माणसाच्या देहात किती खर्च होतो, याचा आकड्यांत मांडलेला पहिला हिशेब तो हाच.

लाव्हाझिए यांचा जन्म १७४३चा. वडील वकील; मुलानेही कायद्याची पदवी घेतली, पण मन रमले ते रसायनशास्त्रात. १७६८ साली विज्ञान अकादमीत प्रवेश मिळाला आणि त्याच वर्षी त्यांनी राजाच्या करवसुलीचा इजारा घेणाऱ्या मंडळींत भागी घेतली. मीठ, तंबाखू, पॅरिसमध्ये येणारा माल यांवरील कर ही मंडळी गोळा करीत. या उत्पन्नातून लाव्हाझिए यांची महागडी उपकरणे आली. हिशेबनिसाची शिस्तही त्यांच्या अंगी पुरती मुरलेली होती. प्रयोगाआधीचे वजन आणि नंतरचे वजन जुळलेच पाहिजे, हा त्यांचा आग्रह. जमाखर्चाच्या वहीला तुच्छ लेखणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की आधुनिक रसायनशास्त्र उभे राहिले ते याच आग्रहावर.

देहाची ऊब कोठून येते, हा प्रश्न त्यांनी याच रीतीने सोडविला. १७८२-८३च्या हिवाळ्यात गणितज्ञ लाप्लास यांच्यासह त्यांनी एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवला. बाहेरची उष्णता आत शिरू नये म्हणून त्याभोवती बर्फाचा आणखी एक थर दिला. दहा तासांत प्राण्याच्या उबेने १३ औंस बर्फ वितळले. तेवढ्याच वेळात तो जितका कर्बवायू सोडतो, तितका निर्माण होईल एवढा कोळसा जाळला असता सुमारे साडेदहा औंस बर्फ वितळते. मेळ तंतोतंत नव्हता. तरी श्वसन म्हणजे संथ ज्वलन, हे सांगण्यास तो पुरेसा होता.

मग पाळी आली माणसाची. उपाशीपोटी स्वस्थ बसलेला सेगाँ तासाला सुमारे २४ लिटर प्राणवायू घेई. थंडीत हा आकडा जवळजवळ २७ वर जाई, जेवणानंतर ३६ ते ३८ वर. आणि पाव तासात सुमारे सात किलोचे वजन पुनःपुन्हा उचलून एकूण दोनशे मीटर उंचीइतके काम केले, की त्याच उपाशी देहाचा खर्च तासाला ६३ लिटरच्या दराने होऊ लागे. भरल्या पोटी हेच काम केले तर ९१ लिटरच्या. नाडी आणि श्वास वेगाने चालत, पण शरीराचे तापमान मात्र जवळजवळ तेवढेच राही. श्रम ही वस्तू मोजता येते, हे प्रथमच दिसले. व्याख्यान देणारा वक्ता किंवा विचारमग्न तत्त्वज्ञ किती पौंड वजन उचलण्याइतके श्रम करतो, हेही काढता येईल अशी लाव्हाझिए यांना आशा होती. शिक्षकांना व कारकुनांना ती सुखावील. पण डोके कितीही शिणले तरी देहाच्या एकूण खर्चात त्याने फारच थोडी भर पडते, असे पुढील संशोधनाने दाखविले.

या आकड्यांचा दुसरा अर्थही त्यांनी ओळखला होता. हातावर पोट असणारा मजूर देह अधिक जाळतो, म्हणून त्याला अन्नही अधिक हवे. प्रत्यक्षात भरलेले ताट असते ते बसून खाणाऱ्या श्रीमंतापुढे. ही विषमता निसर्गाची नसून समाजव्यवस्थेची आहे आणि नव्या राजवटीने ती कमी करावी, असे त्यांनी अकादमीपुढील निबंधातच नमूद केले. क्रांती नुकतीच झाली होती, तेव्हा या विधानात काळाचा सूर होताच. पण त्यामागे मोजमाप होते. मात्र त्याच मजुराच्या मिठावरील करातून ही प्रयोगशाळा चालली होती, याचा हिशेब त्या निबंधात नाही.

तो हिशेब इतरांनी मांडला. १७९१ साली इजारा रद्द झाला, १७९३च्या ऑगस्टमध्ये अकादमी बंद झाली आणि नोव्हेंबरात इजारदारांच्या अटकेचा हुकूम निघाला. ८ मे १७९४ रोजी लाव्हाझिए आपले सासरे पोल्झ व इतर इजारदार यांच्यासह गिलोटिनखाली गेले. आरोपांत तंबाखूत पाणी मिसळल्याचाही समावेश होता. न्यायालयाने एका दिवसात निकाल दिला.

त्यांची एक समजूत पुढे चुकीची ठरली. ज्वलन फुप्फुसात होते असे ते मानीत. एकोणिसाव्या शतकात ते शरीरभरच्या पेशींत होते हे सिद्ध झाले. पद्धत मात्र टिकली. आज धावपटूच्या तोंडाला मुखवटा लावून प्राणवायू मोजतात, तो त्याच वाटेने.

पत्नी मारी-आन यांनी सेगाँवरील प्रयोगांची दोन चित्रे रेखाटली होती, एक विश्रांतीचे आणि एक श्रमाचे. मुखवटा लावलेला सेगाँ त्यांत आहे, सूचना देणारे लाव्हाझिए आहेत. आणि बाजूला मेजाशी बसून आकडे टिपून घेणाऱ्या मारी-आन स्वतःही आहेत.