संत इग्नेशियस आणि उपवासाचे माप

राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली, की आपल्या घराघरांत उपवासाचा विषय निघतो. कोणी चाळीस दिवस मटण-मासळी सोडतो, कोणी एकवेळ जेवतो, तर कोणी आजारी असूनही हट्टाने पोटात काही घेत नाही. अशा वेळी आम्हाला येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचे जीवन आठवते. उपवासाची किंमत त्यांनी स्वतःच्या शरीराने मोजली होती.

स्पेनच्या बास्क प्रांतातील लोयोला येथे, सरदार घराण्यात १४९१ साली त्यांचा जन्म झाला. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळा लागून त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडून असताना ख्रिस्तचरित्र व संतचरित्रे त्यांच्या वाचनात आली आणि त्यांचे मनपरिवर्तन झाले. मार्च १५२२ मध्ये माँटसेराट येथील पवित्र मरियेच्या मंदिरात त्यांनी आपली तलवार अर्पण केली व जवळच्या मानरेसा गावी ते राहू लागले.

तेथे त्यांनी शरीराविरुद्ध जणू युद्धच पुकारले. भिक्षा मागून मिळेल ते खावे, मांसाला शिवू नये, रविवार सोडून रोज उपवास करावा, दिवसाचे सात तास गुडघे टेकून प्रार्थना करावी, असा त्यांचा क्रम होता. तरीही जुन्या पापांची रुखरुख जाईना. पुन्हा पुन्हा पापनिवेदन करूनही मनाला शांती मिळेना. अखेर देव शांती देईपर्यंत अन्नपाणी घ्यायचे नाही, असे त्यांनी ठरवले. एका रविवारपासून पुढच्या रविवारपर्यंत त्यांनी तोंडात काही घातले नाही. हे कळताच त्यांच्या धर्मगुरूंनी उपवास सोडण्याची आज्ञा केली. अंगात अजून बळ वाटत होते, तरी त्यांनी ती आज्ञा पाळली.

उपाशी शरीरात काय घडते, हे आज वैद्यकशास्त्र सांगते. यकृतात साठवलेली साखर साधारण एका दिवसात संपत येते. मग शरीर चरबी जाळू लागते. पण त्याबरोबर स्नायूही झिजतात. भूक मंदावते, हलके वाटते आणि आपल्याला काही होत नाही, असा भ्रम होऊ शकतो. जेवल्यावर आपले पित्ताशय आकुंचन पावून पित्त आतड्यात सोडते. उपवास फार लांबला, की ते पित्त साचून दाट होते आणि खडे होण्याचा धोका वाढतो.

मानरेसातच इग्नेशियस तापाने गंभीर आजारी पडले. तेव्हापासून अशक्तपणा व पोटदुखी त्यांच्यामागे लागली. पॅरिसमध्ये शिकत असताना दुखणे इतके वाढले, की वैद्यांच्या सल्ल्याने १५३५ साली त्यांना हवापालटासाठी मायदेशी जावे लागले. ३१ जुलै १५५६ रोजी रोममध्ये त्यांचे निधन झाले. प्रसिद्ध शरीरशास्त्रज्ञ रेआल्दो कोलंबो यांनी त्यांचे शवविच्छेदन केले, तेव्हा मूत्रपिंडात, यकृतात व यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीत खडे सापडले. हे खडे मानरेसातील उपवासानेच झाले, असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. मात्र त्या कठोर दिवसांनी प्रकृतीची हानी केली, हे खुद्द इग्नेशियस यांनी ओळखले होते.

म्हणूनच पुढे त्यांची शिकवण बदलली. त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात जेवणाविषयी नियम आहेत. जेवण झाल्यावर, भूक नसताना, पुढच्या जेवणाचे माप ठरवावे, हा त्यांतला एक. तपश्चर्येने शरीर खचू नये वा मोठे आजारपण येऊ नये, ही मर्यादाही त्यांनी घातली. उपवासाने स्वतःला खंगवणाऱ्या फ्रान्सिस बोर्जा यांना त्यांनी १५४८ साली पत्र लिहून पोटाची काळजी घ्यायला व शक्ती वाढवायला सांगितले. येशूसंघाच्या घटनेतही त्यांनी सर्वांवर ठरावीक उपवास लादले नाहीत.

शरीर हा आत्म्याचा तुरुंग आहे, असे काही प्राचीन तत्त्वज्ञ मानत. ख्रिस्तसभा तसे मानत नाही. शरीर व आत्मा मिळून एक माणूस होतो, हे संत थॉमस अक्विनास यांनी शिकवले. शरीर देवाने सांभाळण्यासाठी दिलेली ठेव आहे. ती मोडून देवाला काय अर्पण करणार?

भाविकांनो, ख्रिस्तसभेने राखेचा बुधवार व उत्तम शुक्रवार हे दोनच दिवस सक्तीच्या उपवासाचे ठेवले आहेत. त्या दिवशी एक पूर्ण जेवण व दोन वेळा थोडेसे खाता येते. अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षात पदार्पण होईपर्यंत हा नियम लागू असतो. आजारी माणसे व गरोदर माता त्यातून मुक्त आहेत. मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन घेऊन जेवण टाळले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अशांनी डॉक्टरांचे ऐकावे. इग्नेशियस यांनी धर्मगुरूंची आज्ञा मानून घास घेतला, तोही देवाला प्रियच होता. ज्यांना उपवास झेपत नाही, त्यांनी राग, चहाडी वा टीव्हीचा एक तास सोडावा आणि वाचलेला वेळ शेजारच्या एकाकी माणसाला द्यावा.

संत इग्नेशियस यांच्या मध्यस्थीने आपणा सर्वांना उपवासाचे योग्य माप कळो.