थॉमस ग्रॅहॅम : डायलिसिस हा शब्द देणारे शास्त्रज्ञ

थॉमस ग्रॅहॅम यांचा जन्म १८०५ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात झाला. घर सुखवस्तू. मुलाने धर्मोपदेशक व्हावं ही वडिलांची फार इच्छा, पण थॉमस चौदाव्या वर्षी विद्यापीठात गेले आणि रसायनशास्त्राच्या नादी लागले. बापलेकाचं बिनसलं, वडिलांनी पैसे देणं बंद केलं. आईने मात्र साथ सोडली नाही. शिकवून आणि लिहून थॉमसनी ते दिवस काढले. (दहावीनंतर कोणती शाखा घ्यायची यावरून आपल्याकडेही घरोघरी हेच चालतं!)

१८३० मध्ये ते ग्लासगोत प्राध्यापक झाले, १८३७ मध्ये लंडनला गेले. वायूंच्या विसरणाचा त्यांचा नियम प्रसिद्धच आहे. १८५५ पासून ते ब्रिटनच्या टांकसाळीचे प्रमुख होते, तरी प्रयोग सुटले नाहीत.

मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते १८६१ चं. साधन अगदी साधं. एका कड्यावर चर्मपत्रासारखा कागद ताणून बांधायचा, की झालं पसरट भांडं. त्यात द्रावण ओतून ते पाण्यावर तरंगत ठेवायचं. साखर आणि डिंक एकत्र विरघळवून ओतले, तर साखर कागदातून खालच्या पाण्यात उतरते, डिंक आतच राहतो. डिंकासारख्या पदार्थांना त्यांनी कलॉइड म्हटलं (आपल्या पुस्तकातलं कलिल) आणि वेगळं करण्याच्या या रीतीला डायलिसिस. मग त्यांनी लघवी घेतली. चोवीस तासांत तिच्यातला युरिया बाहेरच्या पाण्यात आला होता.

लहान रेणू जास्त संहतीकडून कमी संहतीकडे निसटतात, मोठे अडकतात, एवढंच यात घडतं. वर्गात एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावी. पेशीचं प्रद्रव्यपटल या कागदापेक्षा कितीतरी चोखंदळ असतं. ते काही पदार्थ ऊर्जा खर्चून उलट दिशेनेही नेतं. हे सांगितलं नाही तर पटल म्हणजे नुसती चाळणी, असं मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं.

ग्रॅहॅम १८६९ मध्ये वारले. पुढे १९४३ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये, विलेम कोल्फ या डॉक्टरांनी सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरतात तशा सेलोफेनच्या नळीतून रुग्णाचं रक्त फिरवलं. युरिया बाहेर आला, रक्तपेशी आणि प्रथिनं आत राहिली. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई शुद्धीवर आली, आणि वाचली.