रेव्हरंड नारायण वामन टिळक

टिळकांचा जन्म सन १८६१ मध्यें रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आपल्या नाशिकजवळील जलालपूरच्या. राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका गोऱ्या सहप्रवाशानें टिळकांस नवा करार दिला व तो वाचण्याची विनंति केली. तें वाचन मनांत रुजलें आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

या निश्चयाचें मोल मोठें होतें. पत्नी व पुत्र दुरावले. परंतु टिळकांनीं आपली श्रद्धा पत्नीवर लादली नाहीं. ते वाट पाहत राहिले. कांहीं वर्षांनीं लक्ष्मीबाई परतल्या व १९०० सालीं त्यांनीं स्वतःच्या विचारानें दीक्षा घेतली.

परक्या सुरांतील उपदेश आपल्या लोकांच्या हृदयास भिडत नाहीं, हें जाणून टिळकांनीं अभंग व कीर्तन यांतून ख्रिस्तचरित्र गाइलें. १९१७ सालीं मिशनचें वेतन सोडून त्यांनीं साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यांत बाप्तिस्मा न घेतलेल्या शिष्यांसही स्थान होतें. ९ मे १९१९ रोजीं ते मुंबईस निवर्तले.

बालमित्रहो, दुसऱ्यास वाट दाखवूं इच्छिणाऱ्यानें आधीं स्वतः ती चालावी, त्याच्याच भाषेंत बोलावें आणि धीर धरावा, हेंच या चरित्राचें सार होय.