साहेबाची कचेरी ओस पडली होती, कारण लोकांनी स्वतःचं सरकार काढलं होतं : क्रांतिसिंह नाना पाटील

गावात भांडण झालं की माणूस कुठं जातो? पोलीस चौकीत किंवा कोर्टात. पण १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यातल्या शेकडो गावांत लोक तिकडं फिरकतच नव्हते. त्यांचं स्वतःचं सरकार होतं. त्याचं नाव प्रतिसरकार आणि त्याचे नेते नाना पाटील.

नानांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. गाव वाळवा तालुक्यातलं येडे मच्छिंद्र. आज हे सांगली जिल्ह्यात येतं, तेव्हा साताऱ्यात होतं. सातवी शिकून ते तलाठी झाले. त्यामुळं सात-बारा, सारा आणि सावकाराचं कर्ज यात शेतकरी कसा अडकतो हे त्यांनी जवळून पाहिलं. त्यात सत्यशोधक चळवळीचे संस्कार. १९३० साली नोकरी सोडून ते कायदेभंगाच्या चळवळीत उतरले.

मग आलं १९४२. सप्टेंबरात ठिकठिकाणी कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. वडूज आणि इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसं मारली गेली. इस्लामपूरला गोळ्या झाडल्या गेल्या त्याच १० सप्टेंबरला सह्याद्रीच्या या बाजूला, वरंध घाटाखालच्या महाडमध्येही मोर्चावर गोळीबार झाला. साताऱ्यातल्या कार्यकर्त्यांनी यातून एक गोष्ट ओळखली. निशस्त्र मोर्चे काढून भागणार नाही, इंग्रजांचं राज्य गावातूनच उखडायला हवं.

हे सरकार चालायचं कसं?

गावोगावी न्यायदान मंडळं होती. जमिनीचे वाद आणि सावकाराच्या तक्रारी तिथंच मिटायच्या. वकील नाही, स्टॅम्प नाही, हेलपाटे नाहीत. हुंडा आणि दारूला विरोध होता. थोडक्या खर्चात, बिनमानपानाची गांधी लग्नं लागायची.

संरक्षणाला तुफान सेना होती. पैशांसाठी सरकारी खजिनेच लुटले गेले. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ रेल्वे लुटली, तर एप्रिल १९४४ मध्ये धुळे भागात चिमठाण्याजवळ खजिना घेऊन जाणारी गाडी अडवून साडेपाच लाख रुपये मिळवले. यात जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी असे तरुण पुढं होते.

गुंड आणि पोलिसांच्या खबऱ्यांना मात्र तळपायांवर मार बसायचा. बैलाच्या खुराला पत्री ठोकतात, त्यावरून लोकांनी प्रतिसरकारचं पत्री सरकार करून टाकलं. ही शिक्षा क्रूर होती आणि तिच्यावर तेव्हाही टीका झाली.

त्याच काळात युरोपात, जर्मनी-इटलीनं व्यापलेल्या स्लोव्हेनियातही लोकांनी अशीच स्वतःची सत्ता उभी केली होती. पण तिथल्यासारखं परदेशी मित्रसैन्य साताऱ्याच्या मदतीला नव्हतं. इथं होती फक्त गावं.

नाना सापडले का नाहीत?

त्यांच्यावर बक्षीस होतं, घरादारावर जप्ती आली होती. तरी ही चार वर्षं पोलिसांना ते सापडले नाहीत. आज या गावात तर उद्या त्या वस्तीवर. भाकरी देणारं घर आणि तोंड न उघडणारं गाव, हाच त्यांचा किल्ला होता. १९४६ मध्ये काँग्रेसचं मंत्रिमंडळ आल्यावर ते उघडपणे लोकांसमोर आले.

स्वातंत्र्यानंतर ते शेतकरी कामगार पक्षात आणि पुढं कम्युनिस्ट पक्षात गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही होते. १९५७ ला उत्तर सातारा आणि १९६७ ला बीडमधून ते लोकसभेवर निवडून गेले. ६ डिसेंबर १९७६ ला त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणं अंत्यसंस्कार वाळव्यात झाले.

खजिन्याच्या लुटीचे किस्से आजही रंगवून सांगितले जातात. पण इंग्रजांना खरा धक्का बसला तो, शेतकऱ्यानं आपलं भांडण घेऊन त्यांच्या कोर्टात जायचंच सोडलं तेव्हा.