सहा वर्षांची मास्तरकी

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. त्यामुळे साने गुरुजी म्हणजे 'श्यामची आई' आणि 'श्यामची आई' म्हणजे रडारड, एवढंच मला ठाऊक होतं, तेही ऐकीव. फर्स्ट इयरच्या पी.एल.मध्ये अभ्यास टाळायचा म्हणून रूम पार्टनरच्या ट्रंकेतलं ते पुस्तक हातात घेतलं, आणि मग गुरुजींबद्दल जे मिळेल ते वाचत गेलो. एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. ज्यांना अख्खा महाराष्ट्र गुरुजी म्हणतो, त्यांनी शाळेत नोकरी केली फक्त सहा वर्षं! आपल्यातल्या काहींचं इंजिनिअरिंगसुद्धा के.टी. धरून तेवढंच चालतं.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातल्या पालगडचा. घर एके काळचं खोताचं, पण त्यांच्या लहानपणी पार उतरती कळा लागलेली. शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे अशी वणवण झाली. खिशात पैसा नाही, जेवणाची शाश्वती नाही. १९१७ साली आई गेली तेव्हा पांडुरंग शिकायला बाहेर होता, शेवटची भेटही झाली नाही. पुढचं सगळं आयुष्य ही गोष्ट त्यांच्या मागे लागलेली दिसते.

बी.ए. झाल्यावर ते खानदेशात अमळनेरला आले, तत्त्वज्ञान मंदिरात तत्त्वज्ञान शिकायला. एम.ए. झाले, पण नुसत्या तत्त्वचर्चेत मन रमेना. १९२४ मध्ये तिथल्याच हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून लागले. हीच पुढची प्रताप हायस्कूल. थोड्याच काळात शाळेचं छात्रालयही त्यांच्याकडे आलं. म्हणजे आपल्या भाषेत, सर रेक्टर झाले.

आता रेक्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं ते लिहीत नाही (हे मासिक रेक्टर सरही वाचतात). अमळनेरचे हे रेक्टर मुलांच्या खोल्या स्वतः झाडायचे. पसरलेली अंथरुणं घडी करून ठेवायचे, मळके कपडे धुऊन टाकायचे. कुणी आजारी पडलं तर रात्रभर उशाशी बसायचे. रागावणं नाही, दंड नाही. खोलीत परत आलेल्या मुलालाच आपली चकाचक खोली बघून लाज वाटायची.

खरं सांगू का, हे वाचून मला आधी थोडा रागच आला. अशाने मुलं लाडावणार नाहीत का? माझ्या रूमची घडी कुणी रोज घालून ठेवली तर मी जन्मात झाडू हातात घेणार नाही. पण छात्रालयातली ती पोरं आसपासच्या खेड्यांतून आलेली, पहिल्यांदाच आईपासून लांब राहिलेली. आणि जो माणूस त्यांची अंथरुणं घालत होता तो स्वतः तसाच वाढला होता. मला वाटतं त्यात त्यांचीही भूक भागत असणार.

दिवसभर शाळा करून गुरुजी एक हस्तलिखित दैनिक काढायचे, फक्त छात्रालयातल्या मुलांसाठी! नाव 'छात्रालय'. देशात काय चाललंय, थोरांची चरित्रं, गोष्टी, कविता, सगळं एकटाकी स्वतःच्या हाताने. आम्हाला वर्षातून एकदा हे मासिक काढताना लेख मिळत नाहीत! पुढे त्यांनी 'विद्यार्थी' नावाचं छापील मासिकही चालवलं.

मागच्या वर्षी एन.एस.एस.मधून मी आठ शनिवार सातवीच्या मुलांना अपूर्णांक शिकवले. आठव्या शनिवारी एका मुलाने छेद म्हणजे काय असं विचारलं. मी पार खचलो. त्याच दिवशी निघताना दुसरी एक मुलगी, जी कधीच बोलायची नाही, वही दाखवायला गेटपर्यंत पळत आली. सगळी उत्तरं बरोबर. शिक्षकाचा पगार म्हणतात तो हा असावा. पण आठ शनिवारांतच माझी ही गत, तर रोज वर्ग घेऊन रात्री दैनिक लिहायचं बळ कुठून येत असेल?

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि गुरुजींनी नोकरी सोडली. मुलांना देशभक्ती शिकवायची आणि आपण मात्र पगार घेत बसायचं, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं. पण ज्यांची आजारपणं काढली ती पोरं सोडून निघणं सोपं गेलं नसणार. मला विचाराल तर त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड दिवस तोच.

त्यानंतर तुरुंगवाऱ्या. पण मास्तरकी तिथेही सुटली नाही. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ते तमिळ शिकले, पुढे 'कुरल'चा मराठी अनुवाद केला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि गुरुजी ते भराभर उतरवून घ्यायचे. आज 'गीता प्रवचने' वाचायला मिळतं ते त्या नोट्समुळे. झेरॉक्सवर जगणाऱ्या आपण सगळ्यांनी या माणसाला एक नमस्कार घालायलाच हवा! १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून झालं. १९३५ मध्ये पुस्तक छापून आलं.

मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून गुरुजी उपोषणाला बसले. दहा दिवसांनी मंदिर खुलं करायचं ठरलं. १५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. पण गांधीजींच्या खुनानंतर ते आतून मोडले होते. ११ जून १९५० ला झोपेच्या गोळ्या घेऊन त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. वय फक्त पन्नास. यावर मी रूम पार्टनरशी रात्री दोनपर्यंत वाद घातला. इतक्या मुलांच्या उशाशी बसलेल्या माणसाच्या उशाशी त्या वेळी कुणी कसं नव्हतं, एवढंच मी विचारत होतो. त्याच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही.

तीन वर्षांनी, १९५३ मध्ये अत्र्यांचा 'श्यामची आई' चित्रपट आला आणि त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. पुस्तक अजून माझ्याकडेच आहे. रूम पार्टनरची आई परवा फोनवर त्याला विचारत होती, ते कुठे ठेवलंस म्हणून.